'बंडखोर' हा शब्द झाकू नका

मंडळी, गेल्या फेब्रुवारीत शिवजयंतीला आपण हॉलच्या दाराशी जो मोठा फलक लावला होता, तो तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. निम्म्या लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटोही काढले. 'लंडन गॅझेट'च्या फेब्रुवारी १६७२ च्या अंकातली ती बातमी. महाराजांचं नाव तिकडच्या तोंडात बसेल तसं, 'सेवाजी' असं छापलेलं. मुघलांच्या फौजांना या माणसाने कसं हैराण केलंय, त्याची खबर साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या लोकांनी वाचली, या विचाराने माझ्याही अंगावर काटा आला होता. खोटं कशाला सांगू?

पण त्या फलकाच्या एका कोपऱ्यात भगव्या झेंड्याचं चित्र होतं आणि झेंड्याचं टोक बातमीतल्या एका शब्दावर बरोबर आलं होतं. ते चुकून आलं नव्हतं. त्या टोकासाठी समितीची मीटिंग पाऊण तास चालली. 'झाकू नका' म्हणणारे आम्ही दोघं होतो, 'झाका' म्हणणारे पाच. हरलो. झेंड्याखाली होता तो शब्द 'रिबेल', म्हणजे बंडखोर.

समोरच्या पाच जणांचं म्हणणं वेडगळ नव्हतं, हे आधी सांगते. फोटो लगेच गावाकडे जातात, कुणीतरी फेसबुकवर टाकणार, मग 'लंडनच्या मंडळाने महाराजांना बंडखोर म्हटलं' अशी बोंब होणार. मुलं विचारणार, त्यांना काय उत्तर द्यायचं? आणि आनंदाच्या दिवशी वाद कशाला? एवढं ऐकल्यावर मीही गप्प बसले असते. पण प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी, बटाटेवड्यांच्या रांगेतून सुटलेला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा फलकापाशी आला, नाक चिकटवून उभा राहिला आणि मला म्हणाला, "आजी, व्हॉट्स अंडर द फ्लॅग?" मी म्हटलं, "एक शब्द आहे." तर तो डोळे मोठे करून म्हणाला, "बॅड वर्ड?"

त्याचं उत्तर मला तिथे नीट देता आलं नाही. म्हणून ते इथे लिहितेय. थोडं लांबणार आहे, आणि मध्ये आयर्लंडला जाऊन यावं लागणार आहे.

आधी 'गॅझेट'बद्दल. हे सरकारी बातमीपत्र नोव्हेंबर १६६५ मध्ये सुरू झालं, तेही ऑक्सफर्डमध्ये, कारण लंडनला प्लेग होता आणि राजा दरबारासकट तिकडे पळाला होता. पुढे ते लंडनला आलं आणि आजही निघतं. कुणाचं दिवाळं निघालं ते त्यात छापतात आणि आपल्यातल्या ज्यांना एमबीई वगैरे मिळालं त्यांची नावंही त्यातच येतात. म्हणजे त्यातला शब्द कुण्या वार्ताहराची लहर नसते, तो सरकारला चालणारा शब्द असतो. मग लंडनच्या सरकारला महाराज बंडखोर का वाटावेत? त्यांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध तर बंड केलं नव्हतं! उत्तर सोपं आहे. इंग्रजांची वखार सुरतेला होती, ती मुघल बादशहाच्या परवानगीवर. सुरत १६६४ मध्ये लुटली गेली, १६७० मध्ये पुन्हा. वखारवाले ज्याच्या छपराखाली राहत होते, त्याचीच भाषा बोलत होते. दिल्लीला जो बंडखोर, तो सुरतेच्या इंग्रजाला बंडखोर, आणि मग जहाजातून पत्र आलं की लंडनलाही बंडखोर.

पण लंडनच्या वाचकाने तो शब्द वाचताक्षणी ओळखला असणार, कारण त्याच्या डोक्यात त्या शब्दासाठी एक खण आधीच तयार होता. त्या खणाचं नाव आयर्लंड.

किन्सेल हे नाव तुम्ही ऐकलंय का? आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. आता तिथे होड्या आणि मासे खायला प्रवासी जातात. सप्टेंबर १६०१ मध्ये तिथे स्पेनची फौज उतरली, इंग्लंडच्या राणीविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सरदारांच्या मदतीला. हे सरदार, ह्यू ओनील आणि ओडॉनेल, उत्तरेला अल्स्टरमध्ये होते. भर हिवाळ्यात आख्खं बेट ओलांडून ते दक्षिणेला आले. इंग्रज सेनापती माउंटजॉय किन्सेलला वेढा घालून बसला होता. लढाई पहाटे सुरू झाली आणि काही तासांत आयरिश फौज उधळली गेली. तारीख इंग्रजांच्या पंचांगाने २४ डिसेंबर १६०१, स्पॅनिश लोकांच्या पंचांगाने ३ जानेवारी १६०२. (तारीख की तिथी या आपल्याकडच्या भांडणाला एवढं हसायला नको. इथे एकाच लढाईला दोन वर्षं आहेत.)

या लढाईची बातमी १६०२ मध्ये लंडनला पुस्तिका म्हणून विकली गेली. तिचं नाव मराठीत साधारण असं होईल: 'आयर्लंडातल्या एका मानाच्या हुद्द्यावरच्या सैनिकाचं लंडनमधल्या मित्राला पत्र, राणीसाहेबांच्या फौजेने स्पॅनिश लोकांवर आणि आयरिश बंडखोरांवर मिळवलेल्या मोठ्या विजयाविषयी'. बघा हं, खाजगी पत्र आहे आणि दुकानात विकायला आहे. आपल्याला ही युक्ती चांगली ओळखीची आहे. 'माझा मेहुणा मंत्रालयात आहे, त्याने स्वतः सांगितलंय' असं लिहून आलेला व्हॉट्सअ‍ॅप तुम्ही किती पटकन पुढे ढकलता? चारशे वर्षांपूर्वी तेच होतं. सरकारी जाहीरनाम्यावर लोकांचा जेवढा विश्वास बसत नाही, तेवढा 'मित्राच्या पत्रावर' बसतो. आणि विजयाच्या अशा बातम्यांत आकडे नेहमी एकाच वळणाचे: शत्रूचे मेले ते हजाराच्या वर, आपले मेले ते बोटांवर मोजण्याइतके.

पण मला त्या शीर्षकातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एकाच मैदानावर, एकाच बाजूने लढणारे दोन गट, पण त्यांना नावं वेगळी. स्पॅनिश ते 'स्पॅनिश', आणि आयरिश ते 'आयरिश बंडखोर'. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. किन्सेलमधल्या स्पॅनिश सेनापतीशी जानेवारीत तह झाला आणि त्याची फौज मानाने जहाजात बसून मायदेशी गेली. हाती लागलेल्या आयरिश लोकांना मात्र फासावर चढवलं. शत्रूला युद्धाचे नियम लागू होतात. बंडखोराला दोर. आपल्याला हे समजायला आयर्लंडला जायची गरज नाही म्हणा. १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेले तेव्हा औरंगजेबाने त्यांना शत्रू राजा म्हणून वागवलं नाही, बंडखोर म्हणून वागवलं. पुढे काय झालं ते प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. त्या मुलाला हे मी सांगायला हवं होतं: शब्द वाईट नाही रे, पण तो शब्द कुणाच्या गळ्यात अडकवला की त्याच्याशी काहीही वागायची मुभा मिळते.

विजयाच्या बातम्यांची गंमत अशी की कधीकधी त्या विजयाच्या आधीच तयार असतात. १५९९ मध्ये अर्ल ऑफ एसेक्स मोठी फौज घेऊन याच ओनीलला चिरडायला आयर्लंडला निघाला. लंडनच्या रस्त्यांवर लोक त्याला निरोप द्यायला लोटले. थॉमस चर्चयार्ड नावाच्या म्हाताऱ्या कवीने लगेच निरोपाची कविता छापून टाकली. शेक्सपियरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये सूत्रधार प्रेक्षकांना सांगतो की आयर्लंडचं बंड मोडून सेनापती परत आला तर सारं शहर कसं स्वागताला धावेल. तो सेनापती म्हणजे एसेक्सच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जीसीएसईला शेक्सपियर करणाऱ्या मुलांनी हे आपल्या शिक्षकांना जरूर विचारावं. कारण प्रत्यक्षात एसेक्स काहीच जिंकला नाही. ओनीलशी तह करून, राणीची परवानगी न घेता सप्टेंबरमध्ये तो गुपचूप परत आला, मर्जीतून उतरला, आणि फेब्रुवारी १६०१ मध्ये त्याचंच डोकं उडवलं गेलं. कशासाठी? बंडासाठी!

याच्याही आधी, १५८१ मध्ये, जॉन डेरिक नावाच्या माणसाने आयर्लंडवर एक सचित्र पुस्तक लंडनला छापलं होतं. लाकडी ठशांची बारा चित्रं. सर हेन्री सिडनीच्या मोहिमेची. त्यातल्या एका चित्रात इंग्रज सैनिक कापलेली आयरिश मुंडकी घेऊन परत येताहेत, आणि ते लपवलेलं नाही, कौतुकाने दाखवलंय. चित्रांचा पूर्ण संच आता एडिनबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. स्कॉटलंडच्या मंडळींनी वेळ काढून पाहावा. जेवणाआधी पाहू नये.

आता १६४१. त्या वर्षी दोन गोष्टी जवळजवळ एकदमच घडल्या. जुलैमध्ये लंडनचं 'स्टार चेंबर' हे न्यायालय बंद झालं आणि छापखान्यांवरचा धाक गेला. ऑक्टोबरमध्ये अल्स्टरमध्ये उठाव झाला. म्हणजे इकडे बांध फुटला आणि तिकडे पाऊस लागला. आयर्लंडच्या बातम्यांच्या पुस्तिकांचा नुसता लोंढा. जॉर्ज थॉमसन नावाच्या लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात हाताला येईल ते छापील कागद साठवले, बावीस हजारांच्या आसपास, आणि ते सगळं आज यूस्टन रोडवरच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्यातला एखादा रद्दी न टाकणारा काका असेल तर त्याच्या बायकोने हे वाचून दाखवू नये.

त्या लोंढ्यातलं खरं किती? जानेवारी १६४२ मध्ये पार्लमेंटनेच चौकशी केली. 'आयर्लंडची शुभवार्ता' अशा नावाच्या पुस्तिका कुठून येतात? एका प्रकाशकाने कबूल केलं की केंब्रिजमध्ये शिकलेले दोन गरजू तरुण त्या बसल्या जागी रचून देतात आणि तो त्यांना नगाला अडीच शिलिंग देतो. म्हणजे बातमी आयर्लंडहून समुद्र ओलांडून आलीच नव्हती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, आणि मग हसू ओसरलं. कारण तशाच पुस्तिका वाचून खरी माणसं खऱ्या फौजेत भरती झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर मीही तेच करतेय असं होईल. १६४१ मध्ये कत्तली झाल्या होत्या. पोर्टडाऊनच्या पुलावरून शंभरेक प्रोटेस्टंट स्त्री-पुरुष-मुलांना ऐन थंडीत नदीत ढकलून मारलं. वाचलेल्यांच्या हजारो जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवलेल्या आहेत आणि २०१० पासून कुणालाही घरबसल्या वाचता येतात. खोटं होतं ते प्रमाण. सर जॉन टेंपलने १६४६ मध्ये पुस्तक लिहून बळींचा आकडा तीन लाखांवर नेला. एवढे प्रोटेस्टंट तेव्हा सगळ्या आयर्लंडात नव्हते! प्रत्यक्ष मारले गेलेले चार हजारांच्या आसपास असावेत आणि थंडी-उपासमारीने मेलेले आणखी काही हजार, असं आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. पण टेंपलचं पुस्तक पिढ्यानपिढ्या पुन्हा पुन्हा छापलं गेलं. आणि १६४९ च्या सप्टेंबरमध्ये क्रॉमवेलने द्रोहेडा शहर घेऊन तिथे कापाकापी केली, तेव्हा हाच हिशेब त्याच्या कामी आला. पार्लमेंटला लिहिलेल्या पत्रात त्याने तो देवाचा न्याय म्हटला. पार्लमेंटने ती पत्रं छापायचा हुकूम दिला. छापील पत्राच्या शेवटी मारलेल्यांची यादी आहे, अधिकारी किती, घोडेस्वार किती, पायदळ किती, आणि अगदी शेवटी तीन शब्द, गावातल्या पुष्कळ रहिवाशांबद्दल. ते तीन शब्द क्रॉमवेलचे की छापखान्यातल्या कुणाचे, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. तीन शब्द! आणि आम्ही एकावर झेंडा लावून मोकळे झालो.

मी या देशात १९७६ मध्ये आले, बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळात पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिथल्या वॉर्डची सिस्टर कॉर्क परगण्यातली होती, किन्सेलपासून फार लांब नाही. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकी, तिचे उच्चार असे की निम्मं कळायचं नाही. पण कँटीनमध्ये बटाट्याव्यतिरिक्त मला खाता येईल असं काही आहे का, हे रोज शोधून सांगणारी तीच. एकदा बसने बरोबर जाताना मी तिच्याशी बोलायला लागले तर ती नुसती मान हलवत राहिली. उतरल्यावर म्हणाली, बसमध्ये मी बोलत नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बाँब फुटले होते, एकवीस माणसं गेली होती. त्यानंतर आयरिश उच्चार ऐकला की बसमधली डोकी वळायची. तिने लोकांना वळायची संधीच द्यायची नाही असं ठरवलं होतं. त्या बाँबसाठी सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली, वर्तमानपत्रांनी त्यांचे चेहरे छापले, आणि सोळा वर्षांनी, मार्च १९९१ मध्ये, शिक्षा रद्द होऊन ते सुटले. ज्यांनी खरंच बाँब ठेवले त्यांना आजवर शिक्षा झालेली नाही.

तेव्हा मला वाटायचं, हे तिचं दुःख, आपला काय संबंध? मग जुलै २००५ आला. माझा मुलगा कॉलेजला जाताना पाठीवर मोठी सॅक लावायचा. मी त्याला सांगितलं, ट्यूबमध्ये सॅक मांडीवर घेऊन, उघडी ठेवून बस. तो चिडला. मी त्याला सिस्टरची गोष्ट सांगितली. तुमच्यातल्या किती आयांनी त्या उन्हाळ्यात मुलांना असंच काहीतरी सांगितलं होतं, ते तुम्हालाच माहीत.

आता आपल्या घरचं सांगते. ज्यांना लंडनची हवा खायची आहे त्यांनी एखाद्या रविवारी वॉरिक अव्हेन्यू स्टेशनला उतरून हाउली प्लेसला जावं. दहा नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहत होते. कशासाठी आले होते? 'टाइम्स'च्या परराष्ट्र विभागाचा माजी प्रमुख व्हॅलेंटाइन चिरोल याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावायला. चिरोलने 'टाइम्स'मध्ये लेखमाला लिहिली, १९१० मध्ये तिचं पुस्तक केलं, आणि हिंदुस्थानातल्या सगळ्या अशांततेचं खापर टिळकांवर फोडलं. जानेवारी १९१९ च्या अखेरीला खटला उभा राहिला. चिरोलचा वकील कोण होता, माहीत आहे? सर एडवर्ड कार्सन. डब्लिनला जन्मलेला, अल्स्टरच्या युनियनवाद्यांचा पुढारी. आयर्लंडला स्वराज्य मिळू नये म्हणून १९१२ पासून याने हजारोंची फौज उभी केली, त्याच्या लोकांनी एप्रिल १९१४ मध्ये लार्न बंदरात हजारो बंदुका चोरून उतरवल्या. सरकारने त्याच्यावर खटला भरला नाही, उलट पुढे मंत्री केलं. असा हा माणूस लंडनच्या कोर्टात उभा राहून 'केसरी'चे जुने लेख काढून टिळकांना राजद्रोहावर उलटे प्रश्न विचारत होता. आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला डब्लिनमध्ये आयरिश प्रतिनिधींनी स्वतःचं पार्लमेंट भरवलं होतं. कोण बंडखोर आणि कोण नाही हे कृत्यावर ठरत नाही, कोण कुठल्या बाजूच्या खुर्चीत बसलाय यावर ठरतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

टिळक तो खटला हरले. खर्च डोंगराएवढा आला, महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढून तो भागवायला हातभार लावला. पण त्या पुस्तकातला चिरोलचा शब्द आठवा. 'भारतीय असंतोषाचे जनक.' ती शिवी होती. ज्या लिखाणावरून टिळक कोर्टात गेले, त्यातला तो शब्द! आज तो आपल्या पाठ्यपुस्तकात आहे, पुतळ्यांखाली आहे, आपल्या शनिवारच्या मराठी शाळेत टिळक पुण्यतिथीला लाल पगडी घातलेलं प्रत्येक पोर तो छाती फुगवून म्हणतं. आपण त्या शब्दावर झेंडा लावला नाही. तो उचलला आणि पदवी केली. मग १६७२ च्या शब्दालाच एवढं का घाबरायचं?

उलट तो शब्द तिथे दिसला पाहिजे, म्हणजे पुढची गोष्ट सांगता येईल. बंडखोर छापल्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांनी, ६ जून १६७४ ला, रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि त्या दरबारात इंग्रज कंपनीचा हेन्री ऑक्झिंडन नजराणा घेऊन हजर होता. राजापूरच्या वखारीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागायला आला होता. गडावर सिंहासन दिसल्यावर मुजरा करावा लागला. 'गॅझेट'चा शब्द झाकला तर हा मुजरा नुसता एक पाहुणा आला एवढाच उरतो. शब्द दाखवला की तो मुजरा कुणी केला ते कळतं.

एक राहिलं, आणि ते सांगताना मला जरा जड जातंय. आमच्या शेजारी बंगाली कुटुंब आहे. दुर्गापूजेला त्यांच्याकडे गेले असताना त्यांच्या आईने, नव्वदीच्या बाईने, मी मराठी आहे हे कळल्यावर हसत विचारलं, "तुम्ही बर्गी का?" मला कळेना. मग सुनेने समजावलं. बंगाली आया मुलांना निजवताना जी अंगाई म्हणतात, त्यात बर्गी येतात आणि घाबरवतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. १७४२ पासून दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चौथाईसाठी स्वाऱ्या करत होत्या. त्या धास्तीने कलकत्त्याला इंग्रजांनी 'मराठा खंदक' खणला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास त्या स्वाऱ्यांवर आख्खं काव्य लिहिलं, नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव वाचून आपल्याला वाटेल आपली स्तुती असेल. नाही. जळालेली गावं आणि पळणारी माणसं आहेत त्यात. आपल्याकडच्या पुस्तकात या स्वाऱ्या दोन ओळींत संपतात, त्यात भास्करपंत कोल्हटकरांना १७४४ मध्ये अलिवर्दीने भेटीला बोलावून दगा देऊन मारलं, हे असतं. तेही खरंच आहे. पण अंगाई नसते.

विजयाची बातमी आपणही लिहिली आहे. पोवाडा दुसरं काय असतो? अज्ञानदासाने अफझलखान वधाचा पोवाडा रचला आणि त्याला बक्षीस मिळाल्याचा उल्लेख त्या पोवाड्यातच आहे. मला पोवाडा ऐकताना आजही रक्त सळसळतं आणि ते सळसळू द्यावं या मताची मी आहे. फक्त शाहिराला बक्षीस कुणी दिलं, हे मुलांना माहीत असावं. केंब्रिजच्या त्या दोन पोरांना अडीच शिलिंग कुणी दिले हे जसं आपल्याला माहीत झालं, तसंच.

समितीतल्या एकांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला आयरिश लोकांचं एवढं काय पडलंय? आपलं आपल्याला पुरे आहे." त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. या देशात वाढणारी आपली मुलं शाळेत ट्यूडर शिकतात, एलिझाबेथ शिकतात, क्रॉमवेल शिकतात. ते सगळं गोऱ्या लोकांचं, आणि शिवाजी महाराज ते फेब्रुवारीतल्या एका रविवारचे, लेझीम आणि वड्यांबरोबरचे, अशी त्यांच्या डोक्यात दोन कपाटं आहेत. 'रिबेल' या एका शब्दाने ती दोन्ही कपाटं एका भिंतीला लागतात. ज्या मुलीने वर्गात किन्सेल आणि द्रोहेडा वाचलंय, ती आपल्या फलकासमोर उभी राहून म्हणू शकते, अरे, हा तोच शब्द! आणि जो मुलगा महाराजांसाठी हा शब्द वाचून रागावतो, तो दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाला तरी 'रिबेल' म्हटलेलं वाचताना एक क्षण थांबेल. झेंडा लावला की यातलं काहीच होत नाही, फोटो तेवढा छान येतो.

गावाकडून ओरड झाली तर काय, हा प्रश्न उरतोच. झाली तर हा लेख पाठवू. माझं नाव खाली आहे.

तर येत्या शिवजयंतीसाठी माझा प्रस्ताव असा. फलक पुन्हा छापायचा, झेंडा वरच्या कोपऱ्यात, शब्द मोकळा. त्याच्या डाव्या हाताला १६०२ च्या त्या किन्सेल पत्राच्या मुखपृष्ठाची प्रत, उजव्या हाताला हाउली प्लेसच्या पाटीचा फोटो, आणि खाली सोप्या मराठीत आणि इंग्रजीत चार-चार ओळी, त्या मोठ्या मुलांनीच लिहायच्या. बंगाली शेजारणीला उद्घाटनाला बोलवायचं, ती येते म्हणाली आहे. छपाईचा खर्च मी विचारून ठेवलाय, गेल्या वर्षीपेक्षा फार नाही. भिंतही मोजली आहे. तिन्ही फलक बसतात, फक्त चहाचं टेबल जरा खिडकीकडे सरकवावं लागेल.